ज्याचे काम त्याला : प्लेटोच्या न्यायकल्पनेची परीक्षा

‘जेनुं काम तेनुं थाय, बिजा करे सो गोता खाय’ ही म्हण मूळची गुजराती असली, तरी मराठी माणसाच्या तोंडी ती इतकी रुळली आहे की, तिचे माहेर कोणते ह्याची चौकशी करण्याचे कोणास सुचतही नाही. घराची कौले चाळावयास स्वतःच शिडी लावणाऱ्या वकिलास ती ऐकविली म्हणजे घरची मंडळी हसतात आणि वकीलसाहेब मुकाट्याने खाली उतरतात. घरगुती व्यवहारात तिचा उपयोग एवढाच, आणि तो निरुपद्रवी आहे. परंतु हीच म्हण राज्याच्या शिरोभागी कोरून ठेवावी आणि तिलाच न्याय म्हणावे, असे कोणी म्हणू लागला तर? सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने जवळजवळ हेच केले. ‘रिपब्लिक’ ह्या त्याच्या दहा भागांच्या संवादात न्यायाचा शोध आरंभापासून चालू होतो. एकामागून एक व्याख्या पुढे येतात आणि मोडून पडतात. आणि चौथ्या भागात सॉक्रेटीसच्या मुखाने अखेरचा म्हणून जो निर्णय दिला जातो तो इतकाच की, प्रत्येकाने आपले काम करावे व दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, ह्याचेच नाव न्याय.

ह्या व्याख्येसाठी मराठी वाचकाच्या मनाची तयारी अगोदरच झालेली असते, आणि ती तयारीच पुष्कळदा तिच्या आकलनाच्या आड येते. शासक, रक्षक आणि उत्पादक हे प्लेटोचे तीन वर्ग वाचताच कोणास चातुर्वर्ण्याची आठवण होऊन अभिमान वाटतो, तर कोणास तीच आठवण होऊन संताप येतो. आणि दोन्ही पक्षांचे वाचन तेथेच थांबते. आमच्या मते दोघेही ग्रंथकारावर थोडाबहुत अन्याय करतात. म्हणून त्याची बाजू प्रथम तिच्या बळकट ठिकाणी उभी करावी आणि मग तिची परीक्षा करावी, हे आम्हांस योग्य वाटते. ती परीक्षा अथेन्समध्ये न करता आमच्या रायगड जिल्ह्यातील रसायनी ह्या गावी करावी असे आम्ही योजिले आहे. हे स्थळ का निवडले ते यथाक्रम कळून येईल.

प्लेटोची बाजू वाटते त्याहून पुष्कळ बळकट आहे. संवादाच्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस नावाचा एक वाक्पटू तावातावाने सांगतो की, न्याय म्हणजे बलवानाच्या हिताचे दुसरे नाव. जो सत्तेवर बसेल तो आपल्या सोयीचे कायदे करील आणि त्यांना न्याय म्हणेल. सॉक्रेटीसचे उत्तर असे की, वैद्य हा वैद्य ह्या नात्याने रोग्याचे हित पाहतो, तांडेल हा तांडेल ह्या नात्याने खलाशांचे हित पाहतो. त्याचप्रमाणे राज्य करणारा, तो खरोखरच राज्यकर्ता असेल तर, ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांचेच हित पाहील. हे उत्तर नुसते बोलून दाखवून प्लेटो थांबत नाही. त्याच्या नगरातील शासकांना आणि रक्षकांना स्वतःचे घर नाही, शेत नाही, सोन्यारुप्यास हात लावण्याची मुभा नाही; सर्वांनी एका पंक्तीस जेवावे आणि एका छावणीत राहावे. ज्याच्या हाती सत्ता त्याच्या हाती संपत्ती नसावी, हा त्याचा नियम आजही कोणत्या राज्यास पचेल? पाचव्या भागात तो आणखी पुढे जातो. ज्या अथेन्समध्ये एकाही स्त्रीस सभेत मत नव्हते, तेथे तो म्हणतो की, स्वभावतः पात्र असलेल्या स्त्रियांनी शस्त्र धरावे आणि राज्यही करावे. सोने, रुपे, लोखंड आणि पितळ अशा धातूंनी माणसे घडली आहेत अशी कथा त्याने रचली हे खरे. परंतु त्याच कथेत त्याने अशी तरतूद केली आहे की, सोन्याच्या आईबापांच्या पोटी पितळ निपजले तर त्यास खाली उतरवावे आणि पितळेच्या घरी सोने सापडले तर त्यास वर चढवावे. चातुर्वर्ण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ह्या तीन कलमांवर सही केली असती काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच विचारून पाहावा.

शिवाय ही व्याख्या आकाशातून पडलेली नाही. कोणीही मनुष्य स्वयंपूर्ण नसतो, म्हणून माणसे एकत्र येतात, येथून प्लेटोने आरंभ केला आहे. त्याचे पहिले नगर चारपाच माणसांचे : एक शेतकरी, एक घर बांधणारा, एक विणकर, एक चांभार. प्रत्येकाने आपल्या हातचे काम नीट केले तर चौघांचीही सोय होते, ही गोष्ट बलुत्याची पद्धत पाहिलेल्या आमच्या खेड्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पुढे ह्याच नियमाचा त्याने मनुष्याच्या अंतःकरणाशी मेळ घातला : विवेकाने विवेकाचे काम करावे, तेजाने तेजाचे, वासनेने वासनेचे, म्हणजे मनुष्य आतून न्यायी झाला. येथपर्यंत त्याच्याशी भांडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

भांडण निराळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याचे बीज ग्रंथाच्या पहिल्या पानावरच पडलेले आहे. न्यायाची ही चर्चा अथेन्सच्या भरचौकात होत नाही. ती होते पायरिअस ह्या बंदरी गावात, केफॅलस नावाच्या वृद्ध गृहस्थाच्या घरी. हा केफॅलस सिराक्यूझहून येऊन स्थायिक झालेला परदेशस्थ. त्याच्या कुटुंबास अथेन्सचे नागरिकत्व नव्हते. ह्या घराचा ढाली घडविण्याचा कारखाना होता. पुढे इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचा अंमल आला तेव्हा केफॅलसचा पुत्र पोलेमार्कस ह्यास त्यांनी विष पाजून मारले आणि घरादाराची लूट केली. दुसरा पुत्र लिसिअस ह्याने नंतर केलेल्या भाषणात त्या लुटीचा हिशेब दिला आहे. त्यात सातशे ढाली आहेत आणि एकशेवीस गुलाम आहेत. म्हणजे ज्या घरी बसून न्याय म्हणजे काय ह्याची चर्चा चालली, त्या घराची निवांतता पुष्कळ अंशी ह्या मजुरांच्या श्रमाने मिळविलेली होती. संपूर्ण संवादात त्यांपैकी एकजणही बोलत नाही. चांभार, सुतार, कुंभार हे सॉक्रेटीसच्या तोंडी सारखे येतात; परंतु ते येतात उदाहरण म्हणून, बोलणारे म्हणून नव्हे. चांभाराचे काम जोडा शिवण्याचे, हे दहादा सांगितले जाते. ‘तुझे काम कोणते असे तुला वाटते?’ हे एकाही चांभारास विचारले जात नाही. प्लेटो हा जाणता नाटककार होता. ह्या घराची पुढे काय गत झाली ते त्याच्या वाचकांस ठाऊक होते, आणि त्यालाही होते. म्हणून स्थळाची ही निवड सहज झाली असेल असे आम्हांस वाटत नाही.

ह्या पायरिअस गावाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते गाव आपोआप वाढलेले नव्हते. मायलेटसच्या हिप्पोडॅमस नावाच्या रचनाकाराने त्याचे सरळ रस्ते आखले होते. ॲरिस्टॉटल सांगतो की, प्रत्यक्ष राज्यकारभारात नसूनही उत्तम राज्य कसे असावे ह्याविषयी मत मांडणारा हा पहिला मनुष्य. म्हणजे आदर्श राज्याची ग्रीक कल्पना आणि आखीव गावाचा नकाशा ही भावंडेच होत. आणि म्हणूनच तिची परीक्षा करावयाची तर आखून वसविलेल्या गावी करावी हे उचित.

आमच्या इकडची बहुतेक गावे आखलेली नाहीत. कोणी घाटाच्या पायथ्याशी मुक्कामामुळे वाढले, कोणी खाडीच्या बंदरामुळे, कोणी देवस्थानामुळे, कोणी आठवड्याच्या बाजारामुळे. रसायनीचे तसे नाही. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी मोहोपाडा, वासांबे ही जुनी गावे. भोवती भातशेती आणि माळ. १९६० मध्ये भारत सरकारने हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापिली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. नायट्रोबेंझिन, ॲनिलीन, फॉर्मल्डिहाइड अशी रंगांच्या आणि औषधांच्या धंद्यास लागणारी मूळ द्रव्ये देशातच तयार व्हावीत हा त्यामागील हेतू. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, पुढे खोऱ्यात दुसरेही कारखाने आले. आणि ह्या साऱ्या वस्तीस नाव मिळाले ते देवाचे नव्हे, पुरुषाचे नव्हे, डोंगराचेही नव्हे, तर कामाचे : रसायनी. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानकासही तेच नाव आहे. ज्याचे काम तेच त्याचे नाव, हे प्लेटोस इतके मनापासून आवडले असते की, ह्याहून चांगले उदाहरण त्यास शोधूनही मिळाले नसते.

ह्या उद्योगाच्या हेतूची टवाळी करण्याचा आमचा मानस नाही. नव्या स्वतंत्र देशाने रंग आणि औषधे ह्यांसाठी परक्यांच्या तोंडाकडे का पाहावे, हा विचार रास्त होता. प्रश्न एवढाच की, प्लेटोची व्याख्या हातात घेऊन आपण ह्या गावात हिंडलो तर ती आपल्याला कोठवर वाट दाखविते. आमचे मत असे की, मध्यावर ती उत्तम वाट दाखविते. आरंभी आणि शेवटी मात्र ती आंधळी होते.

आरंभ पाहू. नगर साधे असेतो त्याच्या गरजा थोड्या असतात. पण ग्लॉकनच्या आग्रहावरून त्यात सुखसोयी आल्या की त्याला ज्वर चढतो, आणि मग शेजाऱ्यांच्या जमिनीचा तुकडा तोडून घेणे भाग पडते, असे प्लेटोने दुसऱ्या भागात स्वच्छ लिहिले आहे. त्यातूनच तो युद्धाची आणि रक्षकवर्गाची उत्पत्ती लावतो. सहाव्या भागात तो म्हणतो की, चित्रकाराप्रमाणे नगराच्या शिल्पकारास आधी पाटी पुसून कोरी करून घ्यावी लागते. आणि सातव्या भागाच्या शेवटी ही पाटी कशी पुसावी ह्याची युक्तीही सांगतो : नगरातील दहा वर्षांवरील सर्व माणसे बाहेर रानात पाठवून द्यावीत आणि मागे राहिलेल्या मुलांना नव्या वळणावर वाढवावे. न्यायाचा एवढा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्याने हे वाक्य असे सहज लिहून टाकले आहे की, घाईने वाचणाऱ्याच्या ते नजरेतूनही सुटते. दहा वर्षांवरील म्हणजे जवळजवळ सारेच! त्या रानात गेलेल्यांचे पुढे काय झाले ह्याची विचारपूस ग्रंथात कोठेही नाही.

आमच्याकडे जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि तो २०१३ अखेरपर्यंत चालला. ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा त्यातील कळीचा शब्द. प्रयोजन सार्वजनिक आहे असे सरकारने म्हटले की शेतकऱ्याने शेत सोडावयाचे. ह्या पाटी पुसण्याविरुद्ध महाराष्ट्रातच १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला होता. त्यांच्या शेतांवर जे धरण झाले त्याच्या पाण्यावर ह्याच जिल्ह्यातील भिऱ्याचे वीजघर चालते. पाताळगंगेची कथाही शेजाऱ्याच्या धनावर वाढलेल्या नगराचीच आहे : घाटमाथ्यावरील, एरवी पूर्वेकडे वाहून गेले असते असे पाणी लोणावळ्याजवळच्या धरणांत अडवून १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात सोडले जाते, आणि तेथून ते ह्या नदीत उतरते. उन्हाळ्यातही नदी वाहती राहते ती त्यामुळे, आणि खोऱ्यात कारखाने येऊ शकले तेही बऱ्याच अंशी त्यामुळे.

आता भात लावणाऱ्या शेतकऱ्यास प्लेटोची व्याख्या लावून पाहा. तो आपले काम करीत होता. दुसऱ्याच्या कामात हात घालीत नव्हता. म्हणजे तो पूर्ण न्यायी होता. मग एके दिवशी त्याला सांगण्यात आले की, ह्या भूमीचे काम आता निराळे आहे. ह्या क्षणी दुसऱ्याच्या कामात हात कोणी घातला? व्याख्या गप्प बसते. कारण नगर वसल्यानंतर त्यातील माणसांनी कसे वागावे एवढेच ती सांगते, नगर कोणाच्या अंगणात वसवावे हे सांगत नाही. २०१३ च्या नव्या कायद्याने भरपाई वाढविली, संपादनापूर्वी समाजावर होणाऱ्या परिणामांची पाहणी आवश्यक केली, आणि ज्याच्या नावे जमीन नाही पण जो तिच्यावर राबून जगतो त्यालाही बाधित मानले. प्लेटोच्या ग्रंथात जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो येथे निदान कायद्याच्या कागदावर आला, हे प्रगतीचेच लक्षण म्हटले पाहिजे.

आता शेवट पाहू. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने तोट्यात गेलेल्या ह्या कारखान्याचे रसायनी येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. एकच संयंत्र वगळण्यात आले : अग्निबाणाच्या इंजिनास लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारे, आणि ते भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे सोपवावे असे ठरले. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकण्याचे आणि बहुतेक कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्याचे ठरले. राज्यास जे हवे ते राहिले; उरलेल्याचे काम संपले. हिशेबाच्या दृष्टीने ह्यात गैर काही नसेलही. परंतु ज्या नगराचे नावच त्याचे काम, त्या नगराचे काम संपल्यावर त्यात राहणाऱ्यांना न्याय म्हणजे काय?

ह्या प्रश्नास ‘रिपब्लिक’मध्ये उत्तर आहे, आणि ते वाचून अंगावर काटा उभा राहतो. तिसऱ्या भागात प्लेटो एका आजारी सुताराची गोष्ट सांगतो. वैद्याने झटपट औषध दिले तर सुतार ते घेतो. पण दीर्घ पथ्य सांगितले तर म्हणतो, मला आजारी पडावयास सवड नाही. काम टाकून दुखणे कुरवाळीत बसण्यात जगण्याचे सार्थक कोणते? असे म्हणून तो कामावर परत जातो. बरा झाला तर आपले काम करीत जगतो. देह टिकला नाही तर मरतो आणि कटकटीतून सुटतो. सॉक्रेटीस ही गोष्ट सुताराच्या स्तुतीदाखल सांगतो, आणि ऐकणारे मान डोलावतात! ज्याला करण्यासारखे काम उरले नाही त्याला जगण्याचेही कारण उरले नाही, हे ह्या व्याख्येचे शेवटचे टोक होय. मनुष्य म्हणजे त्याचे काम, असे एकदा मानले की काम गेल्यावर मनुष्य उरतच नाही.

पण तो उरतो. रसायनी गाव कारखान्याच्या भोंग्याबरोबर संपले नाही. दुकाने, शाळा, देवळे, लग्ने, शेजारपाजार, निवडणुका, भांडणे ही सारी चालूच आहेत. गाव आपल्या प्रयोजनाहून मोठे ठरले. ह्याचा ह्याहून जुना दाखला त्याच परिसरात आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. रसायनीप्रमाणेच त्यांचेही नाव त्यांच्या कामावरून पडले. जंगलांचे कायदे आले आणि तो धंदा सुटला. पुढे कोणी कोळसा पाडला, कोणी वीटभट्टीवर राबला, कोणी दुसऱ्याच्या शेतावर गेला. काम गेले, नाव राहिले, आणि माणसेही राहिली. ‘ज्याचे काम त्याला’ ह्या सूत्रात ह्या माणसांस कोठे बसवावयाचे, ते प्लेटोने सांगितलेले नाही.

हा दोष प्लेटोच्या पहिल्या आणि सर्वांत थोर टीकाकारास अर्धा दिसला होता. रक्षकांना सुख कोठे आहे, असा आक्षेप निघाला तेव्हा सॉक्रेटीसने मूर्तीचा दृष्टांत दिला होता : डोळे सर्वांत सुंदर म्हणून त्यांना सर्वांत भारी रंग देत नाहीत, संपूर्ण मूर्ती शोभेल असेच रंगवितात, तद्वत् सुख सबंध नगराचे पाहावयाचे. ॲरिस्टॉटलने ह्यावर जे उत्तर दिले ते तर्कशास्त्राचा नमुना म्हणून पाठ करण्यासारखे आहे. विषम संख्यांची बेरीज सम येऊ शकते. पण सुखाचे तसे नाही. अंशांपैकी कोणीच सुखी नसताना एकूण मात्र सुखी, असे नगराच्या बाबतीत होत नाही. हिप्पोडॅमसच्या आराखड्यावरही त्याने असेच बोट ठेविले. त्या आराखड्यात दहा हजार नागरिकांचे कारागीर, शेतकरी आणि शस्त्रधारी असे तीन वर्ग होते. ॲरिस्टॉटल विचारतो : शस्त्रधाऱ्यांच्या पोषणासाठी राखून ठेविलेली जमीन कसावयाची कोणी? आणि ज्याच्या हाती शस्त्र नाही, तो नावाचा नागरिक असला तरी शस्त्रधाऱ्याचा दासच होणार नाही काय? इतके स्वच्छ पाहणाऱ्या ह्या पुरुषाने स्वतःच्या उत्तम राज्यात मात्र कारागिरांस नागरिकत्व नाकारिले आणि गुलामगिरीस निसर्गाचा आधार शोधिला. म्हणून अर्धा दिसला असे आम्ही म्हटले.

उरलेला अर्धा ज्यांना दिसला त्यांचे नाव मराठी वाचकांस सांगावे लागू नये. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले, पण तेथे होऊ न शकलेले आणि १९३६ मध्ये त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषण प्रसिद्धच आहे. त्यात चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना त्यांनी प्लेटोलाही साक्षीस उभे केले आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : प्लेटोने सारी माणसे स्वभावानुसार तीन पेट्यांत भरली, परंतु प्रत्येक मनुष्य हा एकमेव असतो, त्याच्या अंगी असणाऱ्या शक्ती अगणित प्रकारच्या असतात, आणि त्या तीनांत किंवा चारांत मावत नाहीत, म्हणून जे ‘रिपब्लिक’चे झाले तेच चातुर्वर्ण्याचेही होणार. श्रमाची वाटणी निराळी आणि श्रमिकांची वाटणी निराळी, हा भेदही त्यांनी त्याच ठिकाणी दाखविला. ह्या टीकेचे महत्त्व असे की, ती जन्मावर बेतलेल्या वर्णांपाशी थांबत नाही. गुणांवर बेतलेल्या वर्णांनाही ती सोडीत नाही. प्लेटोचे धातू वर चढोत की खाली उतरोत, पेट्या तीनच राहतात. आणि कोणाचा धातू कोणता हे ठरविणारा त्या पेटीत बसणारा नसतो.

येथे आम्हांस आमचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. प्लेटोच्या व्याख्येने न्यायाबरोबर अन्यायाचेही लक्षण ठरते : दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणे हाच अन्याय. ही लुडबूड दाखविणारा जो शब्द प्लेटो वापरतो, तोच शब्द, क्रियापदाच्या रूपाने, त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथात एका पुरुषाने स्वतःस लावून घेतला आहे. मी घरोघर हिंडून लोकांना उपदेश करीत असतो, त्यांच्या कामात लुडबूड करीत असतो, अशा अर्थाचे उद्गार तो न्यायासनासमोर काढतो. तो पुरुष म्हणजे सॉक्रेटीस. पाथरवटाचा हा मुलगा छिन्नी हाती न घेता सेनापतींना शौर्य म्हणजे काय, कवींना काव्य म्हणजे काय आणि राज्यकर्त्यांना न्याय म्हणजे काय, असे विचारीत फिरला आणि इ. स. पू. ३९९ मध्ये त्यासाठी विषाचा पेला प्याला. ‘रिपब्लिक’मधील व्याख्या खरी धरली तर अथेन्समधील सर्वांत मोठा लुडबुड्या, म्हणून सर्वांत अन्यायी मनुष्य, तोच ठरतो!

आमच्या कर्जतकडेही असा एक पुरुष होऊन गेला. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल. जन्माने पदरी आलेले काम एक. शिकून मिळविलेले काम वकिलीचे. आणि केले ते ह्या दोहोंच्या पलीकडले. खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. सावकाराच्या दारी जाण्याची पाळी शेतकऱ्यांवर येऊ नये म्हणून धान्यकोठार उभारले. आणि १९४२ मध्ये ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईच्या कारखान्यांकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात कामी आले. शिक्षकाचे काम, सावकाराचे काम, सैनिकाचे काम, ह्या सर्वांत त्यांनी हात घातला. त्यांना अन्यायी म्हणावयाचे काय?

प्लेटोचा कैवारी ह्यावर म्हणेल की, सॉक्रेटीसचे खरे काम तत्त्वचिंतनाचे आणि कोतवालांचे खरे काम रक्षणाचे. म्हणजे दोघांनी आपापलेच काम केले. उत्तर चतुर आहे. पण त्याने व्याख्या वाचत नाही, बुडते. कारण अमक्याचे खरे काम कोणते हे त्याने ते करून दाखविल्यावरच कळत असेल, तर करण्यापूर्वी त्यास ‘तू आपले काम कर’ असे सांगण्याचा अधिकार कोणासच उरत नाही. अथेन्सच्या पंचांना सॉक्रेटीस लुडबुड्या दिसला आणि इंग्रज सरकारला कोतवाल बंडखोर दिसले. दोघांनीही प्लेटोचीच व्याख्या आपापल्या परीने चालविली असे म्हणावे लागते.

मग ज्याने सॉक्रेटीसवर इतके प्रेम केले त्यानेच त्याला दोषी ठरविणारी व्याख्या कशी लिहिली? ह्याचे उत्तर आम्हांस ग्रंथाच्या शेवटी सापडते. दहाव्या भागात परलोकीची एक कथा आहे. जीव पुढला जन्म निवडीत आहेत. सर्वांच्या शेवटी पाळी येते ओडिसिअसची. उभ्या आयुष्यात अनेक समुद्र आणि अनेक नगरे पालथी घातलेला हा वीर पुष्कळ शोधाशोध करून कोपऱ्यात पडलेला एक जन्म उचलतो : कोणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या साध्या माणसाचा. लुडबूड न करणाऱ्याचा! गुरूस विषाचा पेला पिताना ज्या पिढीने पाहिले, तिच्या मनाचा थकवा ह्या निवडीत आम्हांस दिसतो. सॉक्रेटीसला जेथे मरावे लागणार नाही असे नगर प्लेटोस हवे होते; परंतु ते रचता रचता सॉक्रेटीस जेथे जन्मासच येऊ शकणार नाही असे नगर त्याच्या हातून रचले गेले. ह्या ग्रंथाची थोरवी आणि त्याची शोकांतिका ही दोन्ही ह्यात आहेत.

एवढ्यावरून ‘रिपब्लिक’ बाजूस ठेवावा असा अर्थ कोणी काढू नये. राज्यकर्त्याच्या हाती संपत्ती नसावी आणि राज्य हे शासितांच्या हितासाठी असावे, हे त्यातील दोन विचार जपून ठेवण्याजोगे आहेत. न्यायाच्या व्याख्येत मात्र आम्ही एक दुरुस्ती सुचवितो. प्रत्येकाने आपले काम करावे हे ठीक. परंतु आपले काम कोणते हे ठरविताना ज्याच्या त्याच्या तोंडचा शब्द ऐकला गेला पाहिजे, आणि ते काम गेल्यावरही मनुष्याची किंमत कमी होता कामा नये. नगराच्या न्यायाची परीक्षा ते भरभराटीत असताना होत नाही. चाके फिरत असतात तेव्हा सारीच नगरे न्यायी दिसतात. ती परीक्षा दोन वेळा होते : नकाशा काढण्यापूर्वी त्या जागी कोण होते हे विचारताना, आणि चाके थांबल्यावर तेथे कोण राहिले हे मोजताना. पाताळगंगेच्या खोऱ्यात नवे आराखडे येणारच. मुंबईचा विस्तार तिकडेच सरकतो आहे. ते आखणाऱ्यांनी प्लेटो अवश्य वाचावा. मात्र वाचताना, चर्चा चालली होती त्या घरातील एकशेवीस जणांपैकी एखाद्यास त्यांनी जवळ बोलावून घ्यावे, आणि तो काय म्हणतो ते आधी ऐकावे, एवढीच आमची त्यांस सूचना आहे.